दुसरा पडदा

(नभोवाणीवरील भाषण)

दिवाळी तोंडावर आली म्हणजे महाराष्ट्रांतील छापखान्यांना रात्र आणि दिवस यांतला फरक उरत नाहीं. १९०९ सालीं काशिनाथ रघुनाथ मित्र यांनीं 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हांपासून ही धांदल नेमानें येत आहे. पूर्वीं तिचें बिऱ्हाड खिळ्यांच्या केसांपाशीं असे. आतां तें मांडणीकाराच्या टेबलावर असतें. मांडणीकार म्हणजे ज्याला हल्लीं सर्रास ग्राफिक डिझायनर म्हणतात तो. त्याच्या टेबलावर अलीकडे एकाच्या जागीं दोन पडदे दिसूं लागले आहेत. संगणक एक, कळफलक एक, माऊस एक, काम करणारा माणूसही एकच. पण त्याच्या समोर दोन मॉनिटर शेजारीं शेजारीं उभे. घरांतील वडील मंडळींना हा थाट पाहून नवल वाटतें. माणूस एका वेळीं एकाच ठिकाणीं पाहूं शकतो, मग दुसरा पडदा कशाला, असें तीं विचारतात. प्रश्न साधा आहे. पण तो विचारणाऱ्यानें नकळत या विषयाच्या मर्मावरच बोट ठेविलेलें असतें.

माणसाच्या डोळ्याला सगळीकडे सारखेंच रेखीव दिसतें, ही समजूत खरी नाहीं. नेत्रपटलाच्या मध्यावर एक लहानसा खळगा आहे. ज्या वस्तूचें प्रतिबिंब त्या खळग्यांत पडतें तेवढीच वस्तु रेखीव दिसते. सभोंवतालचें जग अंधुक असतें, आणि तें अंधुक आहे हेंही सहसा ध्यानांत येत नाहीं. या रेखीव दृष्टीचा विस्तार कोनानें मोजला तर सुमारें दोन अंश भरतो. पडदा डोळ्यांपासून साठ सेंटिमीटरांवर असला तर त्यावरील दोन सेंटिमीटर रुंदीचा, म्हणजे जवळजवळ रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा तेवढा एका वेळीं नीट दिसतो. नजर सेकंदाला तीनएक उड्या मारीत असते, म्हणून सगळा पडदा एकदम दिसल्याचा भास होतो इतकेंच. तेव्हां वडील मंडळींचें म्हणणें खरें आहे. किंबहुना त्यांना वाटतें त्याहूनही अधिक खरें आहे. एकच पडदा असला तरी माणूस तो एकदम पाहत नाहीं. तो थोडें पाहतो, थोडें आठवतो आणि पुन्हां पाहतो. पाहण्याच्या दोन क्षणांमध्यें जें असतें तें सगळें स्मृतीच्या स्वाधीन. मांडणीकाराच्या चुका बहुधा या मधल्या जागेंत होतात, आणि दुसऱ्या पडद्याचा खरा उपयोगही तेथेंच आहे.

श्रोत्यांनीं समजावें कीं, एका दिवाळी अंकासाठीं एक कथा मांडणीकाराकडे आली आहे. लेखकानें ती जुन्या पद्धतीच्या फॉंटांत टंकलिखित केलेली आहे. देवनागरी लिपि युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींत, १९९१ सालींच, समाविष्ट झाली. परंतु त्यापूर्वींचे आणि त्यानंतरचेही कित्येक मराठी फॉंट रोमन अक्षरांच्या जागीं मराठी अक्षरांचे तुकडे बसवून केलेले होते. असा मजकूर नव्या फॉंटांत आणावयाचा म्हणजे तो एका परिवर्तकांतून काढावा लागतो. या प्रवासांत अक्षरांची कधीं कधीं गाळण होते. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, 'दुसऱ्या'तला आडवा र नाहींसा होतो, एखादें जोडाक्षर फुटून त्याचा पाय मोडलेला दिसूं लागतो. पुढें मांडणीच्या प्रोग्रॅममध्यें परिच्छेदासाठीं भारतीय लिप्या जाणणारा 'वर्ल्ड-रेडी कंपोजर' निवडावयाचा राहिला, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीं पडण्याऐवजीं मागें पडते. यांतली एकही चूक यंत्राला चूक वाटत नाहीं. ती मराठी वाचणाऱ्या डोळ्यालाच दिसावी लागते, आणि मूळ प्रत शेजारीं असली तरच ती खात्रीनें सुधारतां येते. कारण कित्येक वेळां फुटलेल्या शब्दाचे दोन वेगळे शब्द संभवतात आणि दोन्ही वाक्यांत शोभतात.

एकाच पडद्यावर हें काम करणारा माणूस काय करतो तें पाहण्यासारखें आहे. तो मूळ प्रतीची खिडकी उघडतो, एक ओळ वाचतो, ती झांकून मांडणीची खिडकी पुढें आणतो, जागा शोधतो, आणि तेवढ्यांत वाचलेली ओळ अर्धी विसरतो. पुन्हां मूळ प्रत, पुन्हां मांडणी. दोनशें पानांच्या अंकांत ही ये-जा किती वेळां होत असेल याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं; पण रात्रीं अकरा वाजतां तीच ये-जा डोळ्यांवर आणि स्वभावावर उतरलेली दिसते. दहाव्या वेळेपर्यंत माणूस खिडकी बदलून खात्री करून घेतो; शंभराव्या वेळीं तो न बदलतां अंदाजानें पुढें जातो. चूक त्या अंदाजांतून येते. डाव्या पडद्यावर मूळ प्रत आणि समोरच्या पडद्यावर मांडलेलें पान असलें म्हणजे अंदाजाची गरज उरत नाहीं. मान थोडी वळविली कीं काम झालें.

हें कांहीं नवें शहाणपण नव्हे. जुन्या छापखान्यांतला जुळारी डाव्या हातांत स्टिक धरून उजव्या हातानें खिळे उचलीत असे, तेव्हां त्याची हस्तलिखित प्रत समोर केसावर टेकवून ठेवलेली असे. ती प्रत खिळ्यांखालीं दडवून ठेवा आणि प्रत्येक ओळीला बाहेर काढा, असें त्याला कोणी सांगितलें असतें तर त्यानें काम सोडून दिलें असतें. संगणकानें टेबल आणि प्रत हीं एकाच काचेंत कोंबलीं आणि नंतर बऱ्याच वर्षांनीं तीं पुन्हां वेगळीं केलीं, एवढीच या दुसऱ्या पडद्याची कुळकथा आहे.

ती कुळकथा थोडक्यांत सांगावयाची तर अशी. १९८१ सालीं आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक बाजारांत आला. त्याला मजकुरासाठीं एकरंगी आणि चित्रांसाठीं बहुरंगी अशीं दोन वेगळीं कार्डें मिळत, आणि दोहोंच्या स्मृतीचे पत्ते भिन्न असल्यामुळें तीं एकाच यंत्रांत गुण्यागोविंदानें नांदत. 'ऑटोकॅड'वर नकाशे काढणाऱ्यांनीं याचा फायदा घेतला. एका पडद्यावर रेषा, दुसऱ्यावर आज्ञा. १९८४ सालच्या मॅकिंटॉशनें चित्रकारांना आणि मांडणीकारांना मोहिनी घातली खरी, पण त्याचा पडदा अवघा नऊ इंचांचा, आडवे ५१२ आणि उभे ३४२ ठिपके असलेला होता. त्यावर पान मांडणें म्हणजे किल्लीच्या भोंकांतून दिवाणखाना सजविण्यासारखें होतें. मॅकिंटॉश घडविणाऱ्यांपैकींच कांहीं मंडळींनीं १९८६ मध्यें रेडियस नांवाची कंपनी काढली आणि अख्खें पान दिसेल असा उभा पडदा विकावयास आणला. १९८७ सालच्या मॅकिंटॉश टू या यंत्रांत तर अधिक कार्डांसाठीं सहा खांचा होत्या. दोन-तीन पडदे जोडून त्यांवर एकच सलग टेबल पसरावें, माऊसचा बाण एका काचेंतून निघून दुसरींत शिरावा, ही सोय तेथें सहज झाली. विंडोजवाल्यांना ती १९९८ सालीं मिळाली, आणि पुढच्याच वर्षीं मॅट्रॉक्स कंपनीनें एकाच कार्डाला दोन पडदे जोडण्याची युक्ति बाजारांत आणली.

तरीही बरींच वर्षें दोन पडदे ही चैनच होती. त्या काळचा एकवीस इंची कांचनळीचा मॉनिटर पंचवीस-तीस किलो वजनाचा असे. असे दोन ठेवावयाचे तर आधीं सुताराला बोलवावें लागे. शिवाय दोन नळ्या फार जवळ आल्या तर एकीच्या चुंबकीय क्षेत्रानें दुसरीवरचें चित्र थरथरत असे. सपाट पडदे स्वस्त झाल्यावर मात्र ही अडचण उरली नाहीं, आणि आज पुण्यामुंबईच्याच काय, तालुक्याच्या गांवच्या जाहिरातीच्या दुकानांतही दुसरा पडदा आढळतो.

वस्तु स्वस्त झाली म्हणजे ती कशासाठीं घेतली हें विसरण्याचा धोका वाढतो. दुसरा पडदा घेणाऱ्यांपैकीं बहुतेकांची कल्पना अशी असते कीं, जागा दुप्पट झाली, म्हणून काम दुप्पट होईल. जोनाथन ग्रूडिन या संशोधकानें २००१ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत अशीं अठरा माणसें काम कशीं करतात याचें बारकाईनें निरीक्षण नोंदविलें आहे. त्याला असें दिसून आलें कीं, मोठें चित्र किंवा लांबरुंद तक्ता दोन्ही पडद्यांवर ताणून पसरावा असें सहसा कोणी करीत नाहीं. एक पडदा मुख्य ठरतो आणि हातांतलें काम त्यावर चालतें. दुसऱ्यावर अशा वस्तु जातात ज्या हाताशीं असाव्या, पण पुढ्यांत नसाव्या. दोन पडद्यांमधली काळी चौकट अडचण म्हणून नव्हे तर भिंत म्हणून उपयोगी पडते.

मराठी घरांत वाढलेल्या माणसाला हें चटकन उमजावें. घराला दुसरी खोली जोडली म्हणजे पहिली खोली मोठी होत नाहीं. माजघराशेजारीं कोठीची खोली आली, तर माजघरांत चार पाट अधिक मांडतां येतात, याचें कारण माजघराच्या भिंती सरकल्या हें नसून डबे-बरण्या तेथून हालल्या हें असतें. मांडणीकाराचें माजघर हें असेंच डब्याबरण्यांनीं भरून गेलेलें होतें. 'फोटोशॉप' १९९० सालीं आलें तेव्हां त्याचा संसार आटोपशीर होता. १९९४ सालच्या तिसऱ्या आवृत्तींत थरांची सोय आली; मग थरांची पाटी, रंगांची पाटी, कुंचल्यांची पाटी, अक्षरांची पाटी अशा पाट्या वाढतच गेल्या. चोवीस इंची पडद्यावरसुद्धां चित्राच्या वांट्याला कधीं कधीं निम्मीच जागा येई. या पाट्या कोठीच्या खोलींत गेल्या कीं चित्र मोकळें श्वास घेतें. लेखकाची मूळ प्रत, संपादकाची शुद्धिपत्रकें, जाहिरातदारानें पाठविलेलें बोधचिन्ह, गेल्या वर्षींच्या अंकाचीं पानें, हीं सारीं कोठीचीं गिऱ्हाइकें.

जी पाटी हात क्षणोक्षणीं शोधतो ती मात्र कोठींत ठेवूं नये. कुंचल्याची जाडी मिनिटांतून दहा वेळां बदलावयाची आणि त्यासाठीं दर वेळीं माऊस हातभर लांब न्यावयाचा, हा तोट्याचा व्यवहार आहे. जुन्या हाताचे कारागीर अशा आज्ञा कळफलकावरील बोटांच्या संवयींत घालतात आणि ती पाटीच बंद करतात.

आतां मानेविषयीं. नवखा माणूस दोन सारखे मॉनिटर आणतो आणि प्रमाणबद्धतेच्या हौसेनें ते असे ठेवतो कीं, मधली चौकट बरोबर नाकासमोर यावी. देवघरांतील समया अशा ठेवाव्या. मॉनिटर ठेवूं नयेत. चोवीस इंची रुंद पडद्याची रुंदी सुमारें त्रेपन्न सेंटिमीटर असते. पासष्ट सेंटिमीटरांवर बसलेल्या माणसाच्या नाकासमोर चौकट आली, तर ज्यावर तो दिवसभर काम करतो त्या पडद्याचा मध्य त्याच्यापासून सुमारें बावीस अंश बाजूला पडतो. पंधरा-वीस अंशांपलीकडे पाहावयाचें असलें म्हणजे नुसते डोळे वळत नाहींत, मानही वळते. म्हणजे दहा तासांच्या बैठकींत मान एकाच अंगाला मुरडलेली राहते. पहिल्या महिन्यांत याचें कांहीं वाटत नाहीं. तिसऱ्या महिन्यांत एक खांदा दुखूं लागतो, आणि तो माणूस खुर्ची बदलतो, उशी बदलतो, वैद्य बदलतो. पडदे मात्र जागच्या जागीं राहतात.

उपाय साधा आहे. मुख्य पडदा समोर, त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित् खालीं, अंतर हातभर. दुसरा पडदा बाजूला, आणि तो पहिल्याशीं एका रेषेंत न ठेवतां पुस्तकाच्या उघड्या पुठ्ठ्यासारखा आंत कललेला. तो एका रेषेंतच ठेवला, तर त्याची दूरची कड पन्नासएक अंशांवर जाते आणि तेथील अक्षरें तिरपीं व लहान दिसतात. जागा अपुरी असेल तर दुसरा पडदा उभा करावा. रुंदी कमी लागते, आणि मूळ प्रतीचें अख्खें पान वरपासून खालपर्यंत एका नजरेंत येतें. मुख्य पडदा घेतांना सोळास नवाऐवजीं सोळास दहा या प्रमाणाचा मिळत असल्यास पाहावा. चोवीस इंचांत त्याची उंची बत्तीस सेंटिमीटर भरते, म्हणून ए-फोर मापाचीं समोरासमोरचीं दोन पानें त्यावर खऱ्या आकारांत बसतात. सोळास नवाच्या पडद्याची उंची तीस सेंटिमीटरांच्या आंत राहते आणि मेनूची पट्टी पानाचा वरचा किंवा खालचा समास खाऊन टाकते.

येथपर्यंतचा विषय सोयीचा होता. रंगाचा प्रश्न आला म्हणजे दुसरा पडदा सोयीचा राहत नाहीं, धोक्याचा होतो. आणि जेथें पैशाचें आणि नांवाचें खरें नुकसान होतें तें येथें.

मुखपृष्ठावर गर्द निळी रात्र आहे, अंगणांत पणत्यांची रांग आहे, आणि एका स्त्रीच्या हातांतल्या निरांजनाचा केशरी उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला आहे. विषय जुनाच, पण दिवाळी अंकाला शोभणारा. समोरच्या पडद्यावर रात्र निळी दिसते. तेंच चित्र सरकवून शेजारच्या पडद्यावर नेलें, तर रात्र थोडी हिरवट होते आणि चेहरा फिकट पडतो. मांडणीकार गोंधळतो. तो समोरच्या पडद्याप्रमाणें निळा कमी करतो, मग शेजारच्या पडद्याकडे पाहून वाढवितो, आणि शेवटीं दोहोंच्या मधला, कोठेंच नसलेला असा एक रंग पसंत करतो. अंक छापून येतो तेव्हां रात्र जांभळी झालेली असते. हजारों प्रती बांधून तयार. आणि संपादकाच्या टेबलावर ती जांभळी रात्र घेऊन उभा राहणारा मांडणीकार 'माझ्या पडद्यावर निळी होती' असें म्हणतो. तें खोटें नसतें. पण त्या वाक्यानें आजवर कोणाचें बिल मंजूर झालेलें नाहीं.

यांत तीन वेगवेगळे दोष एकत्र आलेले असतात. पहिला पडद्याचा आणि कागदाचा. पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून रंग दाखवितो. छापखाना निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार शाया कागदावर घालतो. पडद्यावरचे कांहीं झगझगीत निळे आणि हिरवे रंग या चार शायांच्या आवांक्यांतच नसतात. निळी आणि गुलाबी या दोन्ही शाया भरपूर घातल्या तर निळ्याचा जांभळा होतो, हा तर मुद्रकांच्या रोजच्या अनुभवाचा विषय आहे. दुसरा दोष उजेडाचा. नवा मॉनिटर दुकानांत उठून दिसावा म्हणून कारखान्यांतून भरमसाट तेज घेऊन येतो. छपाईच्या कामाला पांढऱ्याची प्रखरता दर चौरस मीटरला शंभर-एकशेंवीस कॅंडेला पुरे. पेटींतून काढलेल्या मॉनिटरची याच्या दुप्पट-तिप्पटही असते. त्या तेजांत चित्र उजळ दिसतें, मांडणीकार तें उजळ समजून सोडून देतो, आणि कागदावर सगळें अंधारतें. 'छपाई काळी आली' या तक्रारीचें मूळ पुष्कळदां छापखान्यांत नसून टेबलावरच्या या झगमगाटांत असतें.

तिसरा दोष मात्र दोन पडद्यांनींच आणलेला आहे. एकाच कारखान्याचे, एकाच नमुन्याचे दोन मॉनिटर दोन वर्षांच्या अंतरानें घेतले तरी ते सारखे दिसत नाहींत; जुन्याचा दिवा मंदावलेला असतो. निरनिराळ्या नमुन्यांचे असले तर बोलावयासच नको. यावर उपाय आहे. काचेवर टेकविण्याचें एक लहानसें रंगमापक यंत्र मिळतें. मॉनिटर अर्धा तास चालूं ठेवून तापला म्हणजे तें काचेवर लावावयाचें. संगणक एकामागून एक लाल, हिरवे, निळे आणि करडे चौकोन दाखवितो, यंत्र ते मोजतें, आणि त्या मापावरून त्या पडद्याचा रंगनकाशा तयार होतो. प्रत्येक पडद्याला त्याचा स्वतंत्र नकाशा लागतो, आणि तो महिन्या-दोन महिन्यांनीं पुन्हां करावा लागतो. एवढें केल्यावर दोन पडदे पुष्कळ जवळ येतात. तंतोतंत एक होत नाहींत. एकाचा दिवा साधा आणि दुसऱ्याचा विस्तृत रंगांचा असला, तर यंत्राच्या मापांत दोन्ही पांढरे एकच ठरूनही डोळ्याला एक गुलाबी आणि एक हिरवट दिसूं शकतो. कारण मापाची रीत सरासरी डोळ्यासाठीं ठरविलेली आहे, आणि सरासरी डोळा कोणाच्याच कपाळाखालीं नसतो.

त्यांत भर अशी कीं, रंग एकटा कधींच दिसत नाहीं. पॅरिसच्या गोबेलॅं विणकामशाळेंत मिशेल यूजीन शेव्ह्रल हा रसायनशास्त्रज्ञ १८२४ सालीं रंगखात्याचा प्रमुख झाला, तेव्हां तेथील कांहीं काळ्या धाग्यांविषयीं तक्रार होती कीं, ते विणल्यावर फिके दिसतात. शेव्ह्रलनें तपासलें तर काळा रंग निर्दोष निघाला. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या संगतीनें तो फिका दिसत होता. १८३९ सालीं त्यानें या संगतीच्या नियमांवर ग्रंथच लिहिला. मांडणीकाराच्या शेजारचा पडदा हा असाच शेजारचा धागा आहे. त्यावर पांढरेंशुभ्र पत्राचें पान उघडें असलें तर समोरचें मुखपृष्ठ काळवंडलेलें दिसतें. त्यावर लालभडक जाहिरात असली तर समोरचा चेहरा हिरवट वाटतो. मग तो चेहऱ्यांत लाल घालूं लागतो, आणि ज्या चित्रांत दोष नव्हता त्यांत दोष निर्माण करतो.

म्हणून रंगाच्या बाबतींत दोन पडद्यांना समान मान देणें, ही चूक सर्वांत महाग पडणारी आहे. एकाला न्यायाधीश करावें, दुसऱ्याला कारकून. न्याय पहिल्यानें द्यावा. दुसऱ्यानें कागद पुढें करावे आणि रंगाविषयीं त्याला कोणी विचारूं नये. हें एकदां पटलें म्हणजे खरेदीचा प्रश्नही सुटतो. कलाशाळेंतून नुकताच बाहेर पडलेला मुलगा किंवा मुलगी हातांत जेमतेम पैसे घेऊन दुकानांत जाते, आणि दुकानदार एका चांगल्या मॉनिटरच्या किंमतींत दोन सामान्य मॉनिटर दाखवितो. दोन मिळतात म्हणून दोन घेण्याचा मोह अनावर असतो. तो आवरावा. पैसा सगळा एका चांगल्या पडद्यावर आणि त्या रंगमापक यंत्रावर घालावा. दुसऱ्या जागीं घरांत पडलेला जुना मॉनिटर चालतो, कोणा मित्रानें टाकून दिलेलाही चालतो. त्यावर लेखकाची प्रत वाचतां आली म्हणजे झालें. दोन सारखे पडदे टेबलावर शोभून दिसतात हें खरें. पण असमान जोडी कामाला अधिक चांगली, कारण तींत कोणाचें ऐकावयाचें याविषयीं घोळ राहत नाहीं.

याहून वेगळ्या वाटाही आहेत. कांहीं जण दोन पडद्यांऐवजीं एकच लांबोडा पडदा घेतात. चौकट जाते, पण तिच्याबरोबर भिंतही जाते, आणि डब्याबरण्या पुन्हां माजघरांत शिरतात. शिस्तीचा माणूस तेथेंही नीट काम करतो. चित्रें हातानें काढणाऱ्यांची गोष्ट निराळी. ज्या काचेवर लेखणीनें सरळ रेखाटतां येतें असे पडदेही बाजारांत मिळतात. ते पाटीसारखे समोर कलते ठेवून चित्रकार त्यांवर काढतो आणि उभ्या पडद्यावर तेंच चित्र दुरून कसें दिसतें तें न्याहाळतो. तेथें दुसरा पडदा कोठी नसून, दोन पावलें मागें सरून चित्राकडे पाहण्याची जुन्या चित्रकारांची रीत असते. ही जोडी फारच उपयोगी आहे, मात्र तिची किंमत दिवाळी अंकाच्या मानधनाला परवडणारी नसते.

दुसऱ्या पडद्यावर काय नसावें, हें बहुतेकांना ठाऊक असूनही तें तेथें असतेंच. मित्रांचे निरोप, क्रिकेटची धांवसंख्या, चालूं असलेला चित्रपट. डोळ्याच्या कडेला रेखीव दिसत नसलें तरी हालचाल मात्र तेथें फार लवकर जाणवते. कडेला कांहीं हाललें कीं नजर तिकडे वळते, वळवावी लागत नाहीं. हातांत शुद्धलेखन तपासण्याचें काम असतांना अशी एक उडी म्हणजे एक गळलेली ओळ. निरोपाची खिडकी मिटवून ठेवण्यास विशेष मनोनिग्रह लागतो अशांतला भाग नाहीं; ती उघडी ठेवून काम करण्यास मात्र लागतो, आणि तो फारसा कोणापाशीं नसतो.

मुखपृष्ठ पक्कें करण्याची वेळ येते तेव्हां जाणता मांडणीकार काय करतो, तें त्याच्या मागें उभें राहून पाहावें. खिडकीचा पडदा तो ओढून घेतो, म्हणजे बाहेरच्या उन्हाची तिरीप काचेवर येत नाहीं. छापखान्यानें पाठविलेला नमुना तो टेबलावर ठेवतो आणि त्यावर ५००० केल्विनचा दिवा लावतो. छपाईचे नमुने पाहण्यासाठीं तोच उजेड प्रमाण मानलेला आहे. निळी रात्र त्या कागदावर निळी आहे कीं नाहीं तें पाहतो, मग समोरच्या पडद्याकडे, मग पुन्हां कागदाकडे. शेजारच्या पडद्यावरची मूळ प्रत, शुद्धिपत्रकें, पाट्या, सारें त्यानें मिटविलेलें असतें. तेथें नुसता करडा रंग असतो, किंवा तो पडदा त्यानें बंदच केलेला असतो.